सासूबाईंच्या फुप्फुसातली गाठ: टीबी की लिम्फोमा की तिसरंच काही?

अबोली · ८ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार. बरेच दिवस हा धागा काढू की नको असं चाललं होतं. आज काढतेच आहे.

सासूबाई ६१ वर्षांच्या. महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. सहकारनगरला आम्ही एकत्र राहतो आणि मी त्यांना आईच म्हणते. गुडघे बोलायला लागेपर्यंत रोज तळजाईवर फिरायला जायच्या. ऑगस्टमध्ये गुडघा बदलायचं ठरलं, ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत छातीचा एक्स-रे काढला आणि उजव्या बाजूला सावली दिसली. खोकला नाही, ताप नाही, वजन होतं तेवढंच. गुडघा राहिला बाजूलाच.

सीटीत उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात २.८ सेंमीची गाठ, आणि डावीकडे ५-६ मिमीचे दोन ठिपके. सीटीखाली सुईने तुकडा काढला. रिपोर्ट असा: लिम्फोसाइट्स भरपूर, ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारे पेशींचे पुंजके) नाही, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत, क्लिनिकली पडताळून पाहावे. ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ८२ होता. ज्या डॉक्टरांकडे तेव्हा जात होतो ते म्हणाले, आपल्याकडे अशी सावली आणि एवढा ईएसआर म्हणजे कॉक्सच, म्हणजे टीबी. एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली. काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला होता, त्यामुळे टीबीचं कल्चर लावलंच नव्हतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

दोन महिने रोज सकाळी रिकाम्या पोटी त्या गोळ्या. लघवी नारिंगी व्हायची. ती गोळ्यांमुळेच होते हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी आई रक्त समजून घाबरल्या. जेवणावरची वासना गेली, यकृताचा त्रास दाखवणारं एसजीपीटी २१० वर गेलं. दोन महिन्यांनी सीटी केला तर गाठ जिथल्या तिथे, २.९. मग पेट स्कॅन, त्यात एसयूव्ही (गाठ किती उजळली त्याचा आकडा) ४.७. दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म वर धरली आणि म्हणाले, मला लिम्फोमा (लिम्फोसाइट्सचा कॅन्सर) वाटतोय.

काल तिसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ‘स्यूडोलिम्फोमाही असू शकतो’ (म्हणजे लिम्फोमासारखी दिसणारी, पण कॅन्सर नसलेली गाठ) असा शब्द वापरला आणि छातीत दुर्बीण घालून अख्खी गाठ काढावी असं सुचवलं. नवरा म्हणतो कॅन्सर नसेल तर कापायचं कशाला. नणंद म्हणते मुंबईला नेऊ. आई काहीच बोलत नाहीत, चार दिवस नुसतं कपाट आवरतायत. पासबुकं, माझ्या लग्नातल्या साड्या, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठ्या लावतायत. मला ते बघवत नाही.

या वाटेने कुणी गेलंय का?

---

प्राजक्त७२ · ९ जानेवारी, सकाळी ७:१५

अबोली, धीर धरा. टीबी गोल्ड टेस्ट केली का? आमच्या काकांची पॉझिटिव्ह आली होती.

---

अबोली · ९ जानेवारी, सकाळी ९:०२

केली. पॉझिटिव्ह आहे. म्हणून तर अजून गोंधळ.

---

सूक्ष्मदर्शी · ९ जानेवारी, रात्री १०:२०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यातच. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हा उपचाराचा सल्ला धरू नका. पण कुठला प्रश्न विचारायचा हे कळलं तर निम्मी वाट सोपी होते, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टीबी गोल्ड. ती पॉझिटिव्ह आली याचा अर्थ शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. भारतात असे असंख्य लोक आहेत, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर टीबी होत नाही. त्या टेस्टवरून ‘ही गाठ टीबीची’ असं म्हणता येत नाही. पेट स्कॅनचंही तसंच. जिथे पेशी साखर जास्त खातात तो भाग उजळतो. कॅन्सर उजळतो, टीबी उजळतो, साधी सूजही उजळते. ४.७ या आकड्यावरून कुणीही नाव ठरवू नये.

आता मुख्य गोष्ट. लिम्फोसाइट्स या संरक्षणाच्या पेशी. निरोगी फुप्फुसात त्या मोजक्या असतात. कशाने तरी चिथावल्या की जमा होतात. श्वासनलिकांच्या भोवती जमल्या तर त्याला एक नाव, दोन्ही फुप्फुसांच्या भिंतींत पसरल्या तर दुसरं (लिम्फोसायटिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया), आणि एका जागी गोळा होऊन गाठ झाली तर नोड्युलर लिम्फॉइड हायपरप्लेझिया. हा शेवटचा प्रकार सौम्य आहे आणि फार दुर्मीळ आहे. याचा जवळपास जुळा दिसणारा, पण कॅन्सरमध्ये मोडणारा भाऊ म्हणजे माल्ट लिम्फोमा. तोही सावकाश वाढणारा आणि बहुधा काही त्रास न देणारा.

सुईच्या तुकड्यात हे दोघे वेगळे ओळखणं फार कठीण. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरच्या घराच्या खिडकीच्या फटीतून बघितलं तर नुसती डोकी दिसतात. गच्चीवर गेलं की कळतं, पथकं आपापल्या रांगेत चालली आहेत की गर्दीने रांगा मोडल्या आहेत. आम्हाला रांग बघायची असते. सौम्य गाठीत लिम्फोसाइट्सचे गोल पुंजके असतात, प्रत्येक पुंजक्याच्या मध्ये फिकट केंद्र आणि भोवती गडद पेशींचं नीट कडं. माल्टमध्ये ते कडं विस्कटतं, पेशी श्वासनलिकेच्या अस्तरात घुसतात, फुप्फुसाच्या पडद्यांवरून पसरतात. सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात एवढा नकाशा मावत नाही.

‘स्यूडोलिम्फोमा’ या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. १९६३ मध्ये सॉल्टझस्टीन यांनी फुप्फुसातल्या अशा गाठींबद्दल लिहिलं आणि तो शब्द रूढ झाला. १९८३ मध्ये आयझॅक्सन आणि राइट यांनी माल्ट लिम्फोमाची कल्पना मांडली. पुढे पेशींवरच्या खुणा रंगवून बघायची सोय झाली, जुन्या ब्लॉक्सची (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यांची) फेरतपासणी झाली आणि स्यूडो म्हणून सोडलेल्या कित्येक गाठी खरोखरीचे लिम्फोमा निघाले. म्हणून आज नुसता ‘स्यूडोलिम्फोमा’ असा रिपोर्ट आला तर तिथे थांबू नका. तो कशाच्या आधारावर म्हटलाय हे विचारा.

आधार म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (आयएचसी), पेशींवरच्या खुणा रंगवून बघण्याची हीच ती पद्धत. प्रत्येक बी-लिम्फोसाइट कॅपा किंवा लॅम्बडा यांपैकी प्रथिनाची एकच साखळी बाळगते. साध्या सुजेत दोन्ही प्रकार मिसळलेले सापडतात, साधारण दोनास एक या प्रमाणात. एकाच पेशीची पिलावळ असेल तर सगळ्या एकाच जातीच्या निघतात. शंका उरली तर जनुकांची क्लोनॅलिटी टेस्ट असते.

आणि कृपा करून हे सर्जनना ऑपरेशनच्या आधी सांगा: गाठ निघाल्यावर सगळी फॉर्मलिनमध्ये टाकू नका. एक भाग सलाइनमध्ये टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी (टीबीची जलद जनुकीय तपासणी), एक ताजा भाग फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार मोजायची तपासणी), बाकीचा फॉर्मलिनमध्ये. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? मागच्या वेळी तुमचा हाच घोटाळा झाला.

दोन गोष्टी कळवा. रक्तातलं टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन किती? डोळे किंवा तोंड कोरडं पडतं का? एचआयव्ही तपासणी सांगितली तर रागावू नका, लिम्फोसाइट्स अशा साठण्याचं ते एक माहीत असलेलं कारण आहे, म्हणून सगळ्यांचीच करतात.

---

अबोली · १० जानेवारी, दुपारी १:३०

तुमचा प्रतिसाद मी रात्री दोनदा वाचला, मग ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. खूप आभार.

टोटल प्रोटीन ९.०, अल्ब्युमिन ३.६. एचआयव्ही निगेटिव्ह. कोरडेपणाचं आईंना विचारलं, म्हणाल्या, “छे, तसलं काही नाही मला.”

---

सूक्ष्मदर्शी · १० जानेवारी, रात्री ९:४५

म्हणजे ग्लोब्युलिन ५.४. अल्ब्युमिनपेक्षा जास्त, प्रमाण उलटं झालंय. ईएसआर ८२ येण्याचं कारण कदाचित इथेच आहे, कारण ग्लोब्युलिन वाढलं की ईएसआर वर जातो. प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी तपासणी) करून घ्या आणि ऑटोइम्यून (शरीराचं संरक्षण स्वतःवरच उलटतं त्या आजारांच्या) तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. ही ओळ पहिल्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये होती, त्याचं वाईट वाटतं.

---

कोथरूडकर · ११ जानेवारी, सकाळी ८:१०

तुमच्या यजमानांचा प्रश्न मलाही रास्त वाटतो. सौम्य असेल तर ६१ व्या वर्षी छाती कशाला उघडायची? सहा महिने थांबून बघावं.

---

सूक्ष्मदर्शी · ११ जानेवारी, दुपारी ३:००

प्रश्न रास्तच आहे. अडचण अशी की ‘सौम्य असेल तर’ हे गाठ बाहेर आल्याशिवाय ठरत नाही. या वयात जवळजवळ तीन सेंमीची गाठ असेल आणि सुईने तिचा एकच कोपरा पाहिला असेल, तर फुप्फुसाचा नेहमीचा कॅन्सरही पूर्णपणे बाद होत नाही. कधी कधी त्याच्या कडेलाच लिम्फोसाइट्सची गर्दी असते आणि सुई नेमकी तिथे जाते. आईंचं हृदय वा श्वास नाजूक असता तर मीही थांबून दर काही महिन्यांनी सीटी करा म्हटलं असतं. आणि आता छाती ‘उघडत’ नाहीत. गाठ पृष्ठभागाजवळ असेल तर दोन-तीन लहान छेदांतून पाचरीसारखा तुकडा कापून काढतात. सौम्य निघाली तर तेच निदान आणि तोच उपचार.

---

नदीकाठ · ११ जानेवारी, रात्री १०:५०

अबोलीताई, थोडा वेगळा आजार पण तीच घालमेल, म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला २९ व्या वर्षी छातीच्या मध्यभागी गाठ निघाली. आधी टीबी, मग थायमोमा (छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ), मग लिम्फोमा, एका महिन्यात तीन नावं. निघाला कॅसलमन, म्हणजे लिम्फ ग्रंथी वाढण्याचा एक दुर्मीळ आजार. बॉस्टनच्या डॉ. कॅसलमन यांनी १९५४ मध्ये पहिला रुग्ण मांडला आणि १९५६ मध्ये १३ जणांची माहिती छापली, असं त्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद आईने देवघरात ठेवला होता. एकाच जागची गाठ होती, काढली, संपलं. ऑपरेशनला रक्तस्राव मात्र बराच झाला, त्या गाठीला रक्तपुरवठा फार असतो. भावाला आता ११ वर्षं झाली, मागच्या रविवारी सिंहगड चढून आला.

तुमच्या आईंना हे वाचून दाखवा.

---

अबोली · २ फेब्रुवारी, रात्री १२:१५

नदीकाठ, वाचून दाखवलं. आईंनी विचारलं, “तो मुलगा पूर्ण चढला का?” मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, करून टाकू या.

ऑपरेशन २८ ला झालं. आदल्या दिवशी मी सर्जनना सलाइनच्या डबीचं सांगितलं. घशाला कोरड पडली होती, आपण कोण यांना शिकवणार म्हणून. ते म्हणाले, बरं झालं आठवण केलीत, आणि फाइलवर लाल पेनाने लिहिलं.

साडेअकराला सिस्टरने नावाने हाक मारली. हिरव्या कापडावर स्टीलची किडनी ट्रे, त्यात फुप्फुसाचा गुलाबी-करडा तुकडा, आणि कापलेल्या जागी ती गाठ. मोठ्या सुपारीएवढी. आतून पांढुरकी, शहाळ्याच्या कोवळ्या मलईसारखी, कडा अगदी स्वच्छ. मला वाटलं होतं काहीतरी काळं, भयंकर असेल. पाच महिने घरातल्या कुणाची झोप झाली नव्हती ती एवढ्याशा वस्तूमुळे. मग माझ्या हातात तीन डब्या दिल्या. दोन लहान, एक मोठी, झाकण लावलेलं असूनही फॉर्मलिन डोळ्यांना झोंबत होतं. तळमजल्यावरच्या लॅबपर्यंत त्या मी छातीशी धरून नेल्या आणि काउंटरवर प्रत्येक डबीवरचं नाव, वय, बाजू पुन्हा वाचून घेतली. एका डबीवर ‘डावी’ लिहिलं होतं. तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं.

आई तिसऱ्या दिवशी घरी आल्या. बरगड्यांत दुखतंय, पण हिंडतायत.

---

गवती चहा · २ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

त्या ‘डावी’ने काटा आला अंगावर. शाबास तुमची.

मला एक विचारायचंय. सूक्ष्मदर्शींनी कोरडेपणाचं विचारलं आणि आईंनी नाही म्हटलं. मला स्वतःला शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पाडणारा ऑटोइम्यून आजार) आहे, आणि नऊ वर्षं मीही नाहीच म्हणत होते. हळूहळू येतं, त्यामुळे सवय होते, कोरडं वाटतच नाही. वेगळं विचारून बघा. भाकरी पाण्याशिवाय उतरते का? रात्री उशाशी तांब्या लागतो का? गेल्या चार-पाच वर्षांत दात पटापट किडले का? कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं का?

---

अबोली · २ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

गवती चहा, मी स्वयंपाकघरात उभी राहून हे वाचलं आणि मोबाइल ओट्यावर ठेवून नुसती उभी राहिले.

आमच्या घरी लग्नकार्याचा, गौरी-गणपतीचा कांदा आईच चिरतात. दोन-दोन किलो. सगळ्यांना कौतुक की सुमनला कांदा लागत नाही (नाव बदललंय). मी या घरात आले तेव्हापासून हे ऐकतेय. भाकरी त्या नेहमी आमटीत कुस्करून खातात, आम्हाला वाटायचं आवड आहे. ताटाजवळ तांब्या भरून हवाच. पुढचे दोन दात सोडले तर वरची सगळी कवळी.

अकरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून जेवतेय मी.

---

सूक्ष्मदर्शी · २ फेब्रुवारी, दुपारी २:१५

गवती चहा, माझा प्रश्न डॉक्टरी होता, तुमचा घरचा होता, आणि उत्तर तुमच्या प्रश्नाला मिळालं. यापुढे मीही असाच विचारणार.

शोग्रेनमध्ये लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींत लिम्फोसाइट्स साठतात, आणि कधी कधी फुप्फुसातही. स्वीडनचे डोळ्यांचे डॉक्टर हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये याबद्दल लिहिलं. वाढलेलं ग्लोब्युलिन, ईएसआर, गाठ, सगळे धागे एका ठिकाणी येतायत. अँटी-एसएसए म्हणजेच अँटी-रो (शोग्रेनमध्ये रक्तात सापडणारं प्रतिपिंड) आणि डोळ्यांची शिर्मर टेस्ट (अश्रू मोजणारी) करा. शोग्रेनमध्ये माल्ट लिम्फोमाही जास्त दिसतो, म्हणून गाठीचं इम्युनो आता अधिकच महत्त्वाचं.

---

अबोली · २६ फेब्रुवारी, रात्री ९:३०

पहिला रिपोर्ट ‘लिम्फोप्रोलिफरेटिव्ह लिजन, आयएचसी आवश्यक’ असा आला. त्या एका ओळीत पुन्हा दोन आठवडे गेले. पुण्यात आयएचसी झाली, सौम्य वाटतंय म्हणाले, पण तिसऱ्या डॉक्टरांनीच सुचवलं की दुर्मीळ आहे तर ब्लॉक आणि स्लाइड्स मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दाखवा. ह्यांनी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. ब्लॉक डब्यात, डबा शबनममध्ये, शबनम मांडीवर. दादरला उतरून परळ.

आज रिपोर्ट आला, जसाच्या तसा मराठीत लिहिते. लिम्फॉइड पुंजके सुटे-सुटे, मधली केंद्रं प्रतिक्रियात्मक, भोवतालची कडी शाबूत. सीडी२० (बी-पेशींची खूण) पुंजक्यांत, सीडी३ (टी-पेशींची खूण) मधल्या जागेत. केंद्रांत बीसीएल-२ निगेटिव्ह. कॅपा-लॅम्बडा मिश्र. अस्तरात घुसून नासधूस केलेली नाही. आयजीजी४ पेशी वाढलेल्या नाहीत. क्लोनॅलिटी: पॉलिक्लोनल (म्हणजे एकाच पेशीची पिलावळ नाही). निदान: नोड्युलर लिम्फॉइड हायपरप्लेझिया.

अँटी-रो पॉझिटिव्ह. शिर्मरला खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. पाच मिमी किंवा त्याहून कमी भिजली तर कोरडेपणा धरतात. आईंची उजवीकडे २, डावीकडे ३. ओठाचा तुकडा घ्यायची गरज नाही, एवढं पुरेसं आहे असं संधिवाताचे डॉक्टर म्हणाले.

एकेटी बंद करून तीन आठवडे झाले. तीही डॉक्टरांना विचारूनच.

---

कोथरूडकर · २६ फेब्रुवारी, रात्री ९:५५

देव पावला. माझं ‘थांबून बघा’ चुकीचं होतं हे मान्य करतो. थांबलो असतो तर एकेटी चालूच राहिली असती.

---

सूक्ष्मदर्शी · २७ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

फार बरं वाटलं. कॅपा-लॅम्बडा, कडी, क्लोनॅलिटी, तिन्ही एकाच दिशेने बोलतायत.

पण डावीकडचे दोन ठिपके अजून आत आहेत. बहुधा तेही याच जातीचे असतील, तरी ठरलेल्या तारखांना सीटी चुकवू नका. कानाखाली सूज आली आणि ती उतरेना, ताप, घाम, वजन कमी, असं काही दिसलं तर वाट न बघता दाखवा. आणि दातांच्या डॉक्टरांनाही आता शोग्रेन आहे हे सांगा.

---

अबोली · १६ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

खबर द्यायला आले. टीबीचं कल्चर ४२ दिवस ठेवून निगेटिव्ह आलं. एसजीपीटी ३४. सीटीत ठिपके तेवढेच. डोळ्यांत थेंब सुरू आहेत, दिवसातून चार वेळा, आणि आई म्हणतात, “मला वाटायचं सगळ्यांच्याच डोळ्यांत वाळू असते.” कपाटातल्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच काढल्या. माझ्या साड्यांवरची तेवढी राहिली होती, ती मी काढली.

गुडघ्याची तारीख जूनमध्ये घेतोय.

सूक्ष्मदर्शी, एक शेवटचं. ब्लॉक टाटाहून परत आलेत. घरी कसे ठेवू? फ्रिजमध्ये?

---

सूक्ष्मदर्शी · १६ एप्रिल, रात्री १०:१०

फ्रिजची गरज नाही. पॅराफिन मेण आहे ते, साठेक अंशांच्या आसपास वितळतं. घरात सावलीच्या, कोरड्या जागी वर्षानुवर्षं टिकतात. फक्त या दिवसांत बंद गाडीत ठेवून जाऊ नका, उन्हात गाडीच्या आत तेवढं सहज तापतं. पाकिटावर नाव, ब्लॉक नंबर आणि तारीख लिहा, आणि रिपोर्टची एक प्रत त्यातच ठेवा. पुढेमागे कुणाला परत बघायचं झालं तर हेच लागतील.

---

अबोली · १६ एप्रिल, रात्री १०:३५

आईंच्या कपाटात, खालच्या खणात ठेवलेत. पाकिटावर आईंनीच लिहिलंय, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात: नाव, नंबर, ‘उजवी’.